साखरेच्या गावातला ठेका

आधी आवाज आठवतो. गिटारच्या तारांवर बोटं क्षणभर टेकवून लगेच उचलली की निघतो तसा कोरडा, आखूड: चक्. मग तेवढीच पोकळी. मग पुन्हा चक्. जिथे टाळी पडेल असं कानाला वाटतं तिथे तो पडत नाही. टाळीची जागा ओलांडून, उंबऱ्याशी थबकलेल्या पावलासारखा मागाहून येतो. त्याच्यावर कुठेतरी उंच स्टील गिटार मेणासारखी वितळत असते, आणि त्या दोन्हींच्या मधून सत्तरी ओलांडलेला एक माणूस सुकलेल्या, घोगऱ्या गळ्याने गात असतो. माझ्या स्मरणात या आवाजाला वासही आहे. टेक्सासच्या उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडावं आणि तापलेल्या सीटची, वितळलेल्या लिमलेटच्या गोळ्यांची आणि मुलीच्या पोहण्याच्या ओल्या टॉवेलची एकत्र वाफ अंगावर यावी, तो वास.

दर वर्षी ऑगस्ट सरत आला की मंडळाची ई-मेल येते. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी आयटम मागवीत आहोत. प्रत्येकी पाच मिनिटं. ट्रॅक असल्यास सीडी आधी द्यावी. आयटम आपल्या संस्कृतीला साजेसा असावा. यातलं शेवटचं वाक्य तीन वर्षांपूर्वी नव्हतं. ते माझ्यामुळे आलं. दर वर्षी ते वाचताना माझी कानशिलं तापतात, आणि तापतात याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. काही राग निवू द्यायचे नसतात. विरजणासारखे थोडे थोडे राखून ठेवायचे असतात.

तो दोन हजार पाचचा उन्हाळा. आम्हाला शुगर लँडला येऊन चार वर्षं झाली होती. माझा नवरा श्रीरंग पहाटे ह्यूस्टनच्या रस्त्याला लागायचा; तेलविहिरींचे नकाशे संगणकावर मांडणं हे त्याचं काम. माझ्या व्हिसावर मला कुठलंच काम करण्याची परवानगी नव्हती. पुण्यात मराठी कवितेवर एम.ए. केलेली मी इथे ईराला शाळेत सोडत होते, पोहायला नेत होते, आणि लाल सिग्नलला थांबून समोरच्या डांबरावर तरळणारं मृगजळ पाहत होते. त्या चार वर्षांत मी एक ओळही लिहिली नव्हती. शब्द सुचत होते, पण त्यांना चाल नव्हती. पाय नसलेल्या पाखरांसारखे ते यायचे आणि टेकायला जागा न मिळाल्याने निघून जायचे.

माझं माहेर साखर कारखान्याच्या वसाहतीतलं, सांगलीकडचं. गळीत हंगामात मळीचा आंबूस-गोड वास आमच्या वह्यांना, केसांना, ताकालासुद्धा लागायचा. म्हणून या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. इथेही एक साखरेची जुनी रिफायनरी होती; आम्ही आल्यानंतर थोड्याच काळात ती बंद पडली. तिची चिमणी मात्र उभी होती. पोहण्याच्या क्लासला जाताना ती दिसायची, धूर नसलेली, बोलायला कोणी उरलं नसलेल्या घरातल्या कर्त्या माणसासारखी.

गाडीत मी कंट्री संगीताचं स्टेशन लावत असे. मैत्रिणी हसत. “मृणाल, तू काय काउबॉय होणार आहेस का?” पण मला त्या गाण्यांत ओळखीचं काही सापडलं होतं. साधे शब्द, थेट हाक. घर, धूळ, देव, दुरावलेलं माणूस. जात्यावर बसलेल्या बाईने म्हणावं तसं, कोणाला ऐकवण्यासाठी नसलेलं बोलणं. आणि मग त्या जूनमध्ये या संगीतातला एक थोर, जुना गायक नवा अल्बम घेऊन आला. आयुष्यभर ज्या चालींवर तो जगला त्या त्याने जमैकाच्या रेगे ठेक्यावर ठेवल्या होत्या.

सकाळच्या कार्यक्रमातल्या निवेदकाने त्यातलं एक गाणं अर्ध्यात थांबवलं. “आजोबा सुट्टीवर गेलेत,” तो म्हणाला, आणि मागे समुद्राच्या लाटांचा आणि ग्लासातल्या बर्फाचा रेकॉर्ड केलेला आवाज सोडून दिला. मग फोन सुरू झाले. एक गृहस्थ म्हणाले, हे आमचं नाही. एक बाई जवळजवळ रडत म्हणाल्या, माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला याचंच गाणं लावलं होतं, आता तो आमचं सगळं बुडवायला निघालाय. मी सिग्नलला थांबले होते. मला त्या बाईंची कीव यायला हवी होती. आला तो संताप. ज्याने तुम्हाला पन्नास वर्षं रडण्यासाठी शब्द पुरवले त्या माणसाने उतारवयात एकदा वेगळ्या पावलाने चालून पाहावं, तर तेवढीही मोकळीक तुम्ही त्याला देणार नाही? म्हातारपणी माणसाने काय करायचं, स्वतःच्या पुतळ्यासारखं उभं राहायचं?

त्याच दुपारी मी ती सीडी विकत आणली. आणली ती रागाने, आवडली नंतर.

व्हर्ना आमच्या शेजारची. जमैकाची, पन्नाशीची, इस्पितळात परिचारिका. रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवून गायची. चार वर्षांत आमचं बोलणं कचऱ्याचे डबे आत घेताना हात हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. एका संध्याकाळी मी घरासमोर गाडी उभी करून गाणं संपायची वाट पाहत बसले होते. ती ड्युटीवरून येत होती, फिकट निळ्या गणवेशात, हातात बूट. तापलेल्या सिमेंटवर अनवाणी चालत ती माझ्या खिडकीशी आली, आणि वाकून, कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली.

“कोण आहे हा म्हातारा?”

मी नाव सांगितलं.

“ड्रमवाला आमचा आहे,” ती म्हणाली. “म्हातारा तालाच्या मागे राहतोय.” आणखी थोडं ऐकून म्हणाली, “पण बरोब्बर जिथे मागे राहायला पाहिजे, तिथेच.”

मी तिला रेडिओवरचे फोन सांगितले. ती इतकी मोठ्याने हसली की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. तिच्या लहानपणी, डोंगरातल्या त्यांच्या गावात, रविवारी दुपारी रेडिओवर हीच कंट्री गाणी लागत. तिचे वडील मोसमात ऊस तोडायचे आणि उरलेलं वर्ष समुद्रकाठच्या हॉटेलांत गिटार वाजवायचे. जेवण झालं की रेडिओपाशी बसून टेक्सासच्या गाण्यांवर ते डोळे पुसत. “तुमच्या त्या बाईला सांग,” व्हर्ना म्हणाली, “तिच्या बापाच्या गाण्यावर माझा बापसुद्धा रडलाय. आम्ही काही बुडवलं नाही तिचं.”

ऊस! मी गाडीतून उतरले. तिला मळीचा वास विचारला. तिने नुसते डोळे मिटले. मग आम्ही दोघी ओट्यावर बसलो. जमिनीतून ऊब वर येत होती, डास चावत होते, आणि आम्ही उसाच्या पात्याने हात कसा कापतो, चिपाडाचा जाळ कसा फुरफुरतो याबद्दल बोलत होतो. कारखान्याच्या साहेबाची मुलगी असल्याने माझे हात कापले होते ते चोरून ऊस खाताना, आणि तिच्या वडिलांचे पोटासाठी. हा फरक मी तिला सांगितला. “ऊस असा फरक करत नाही,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात मला ओळ सुचली. ओवीचे तीन चरण भरलेले असतात आणि चौथा आखूड. विद्यार्थिदशेत मी त्या आखूड चरणावर पानंच्या पानं लिहिली होती. पण तिथे जी जागा रिकामी राहते ती कशासाठी, हे मला कळलं शुगर लँडच्या एका चौकात, गाडीत, त्या म्हाताऱ्याच्या सीडीवर. त्या रिकाम्या जागेत रेगेचा ठोका असा येऊन बसला की जणू तिथे त्याच्यासाठी पाट मांडून ठेवला होता. मी गाडी एका दुकानाच्या वाहनतळात घेतली आणि म्हटलं:

साखरेच्या गावी । गोडी कुणी नेली ।
चिमणी विझली । उभी आहे ॥

दूर देशी बाई । ऊस तोच तोच ।
कोयत्याची बोच । हातोहाती ॥

मागच्या सीटवरून ईरा म्हणाली, “आई, आर यू ओके?” मी रडत होते. चार वर्षांनी माझ्या शब्दांना पाय फुटले होते. माझ्या दृष्टीने त्या उन्हाळ्यात पणाला लागलं होतं ते एवढंच: ते पाय टिकतात की जातात.

व्हर्नाने त्या ओव्यांना गिटार दिली. आम्ही तिच्या गॅरेजमध्ये बसायचो, दार अर्धं वर करून. मी घाई करायचे, समेवर धावत यायचे. ती बोट वर करायची, “नो, डार्लिंग. थांब. आता ये.” मला थांबायला शिकवणारी ती माझी पहिली गुरू. महिन्याभरात गाणं उभं राहिलं आणि मी मंडळाला कळवलं: स्वरचित ओव्या, गिटारसह, दोन कलाकार.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. कार्यक्रमाआधी एका रविवारी सगळे आयटम कार्यक्रम समितीच्या प्रमुखांच्या दिवाणखान्यात ऐकले जातात. दारात चपलांचा ढीग, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास, खाली गालिच्यावर मुलं, वर सोफ्यावर समिती. प्रमुख होते शरदकाका. सत्तरच्या दशकात आलेले, सगळ्यांना पहिली नोकरी, पहिलं घर, पहिला डॉक्टर शोधून देणारे. चांगला माणूस. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाईट माणसांचा राग लवकर विझतो.

व्हर्नाने दारात बूट काढले. येताना तिने पिकलेल्या केळ्यांचे काप तळून आणले होते. शरदकाकांच्या पत्नी, सुलभाकाकू, डब्यात डोकावून मला मराठीत म्हणाल्या, “तेल कुठलं वापरलंय विचार गं. आणि त्याच कढईत काही भलतंसलतं तळत नाही ना?” व्हर्नाला भाषा कळली नाही, सूर कळला. “व्हेजिटेबल ऑइल, मॅम,” ती म्हणाली. काकूंनी एक काप उचलला. मग दुसरा. “अगदी आमच्या रत्नागिरीसारखे झालेत!” म्हणत डबा आत गेला आणि रिकामा बाहेर आला.

आम्ही गायलो. गालिच्यावरची मुलं डोलायला लागली.

“शब्द छान आहेत हं, मृणाल,” शरदकाका म्हणाले. “पण ते मधेमधे चक् चक् काय आहे?”

“रेगे आहे, काका.”

“आमच्या दादरला एक रेगे होते,” कोणीतरी म्हणालं, आणि सगळे मोकळेपणाने हसले. व्हर्नाही हसली, सगळे हसतात म्हणून. ते हसू मला अजून दिसतं.

दोन दिवसांनी फोन आला. शरदकाका बोलत होते, आणि दुसऱ्या रिसीव्हरवर सुलभाकाकू ऐकत होत्या, अधूनमधून बोलत होत्या.

“असं बघ, समितीचं मत असं पडलं की हे जरा... गणपतीसमोर. ते सगळं गांजावाल्यांचं संगीत ना गं?”

“काका, गांजा हा शब्दच आपला आहे. उसाच्या मळ्यांवर राबायला आपली माणसं त्या बेटावर बोटीने नेली, त्यांच्याबरोबर तो गेला.”

“हे तू स्टेजवर नको हं बोलूस.”

“आणि त्या बाई,” काकूंचा आवाज आला, “म्हणजे स्वभावाने चांगल्याच आहेत, मी काही वर्णावरून म्हणत नाही. पण फोटो निघतात, वेबसाइटवर जातात. लोक विचारतील, मराठी मंडळाच्या गणपतीत हे काय. तू एकटी म्हण की. साथीला पेटी देऊ आपण. शुद्ध, आपली.”

“पेटी आपली?”

“मग कोणाची?”

“आणि अगदीच तुला तसंच हवं असेल,” शरदकाका समजुतीने म्हणाले, “तर जेवणाच्या वेळी कॅफेटेरियात म्हणा दोघी. बॅकग्राउंडला. रांग मोठी असते, लोकांचा वेळ जाईल.”

मी फोन ठेवला. आजही लिहिताना अक्षर वाकडं होतंय. पेटी आपली! परदेशातून बोटीने आलेली, गोऱ्या धर्मोपदेशकांनी गावोगावी फिरवलेली ती पेटी आपली झाली, कारण ती आली तेव्हा तिला अडवायला दिवाणखान्यात समिती बसलेली नव्हती. त्याच कार्यक्रमात नाट्यगीतांचा अर्धा तास होता, कीबोर्डवर पायपेटीचा आवाज लावून. पायपेटी! चर्चमधल्या प्रार्थनेचं वाद्य आमच्या रंगभूमीने मांडीवर घेतलं, त्याच्या सुरावर राजे, संन्यासी, सौभाग्यकांक्षिणी गायल्या, आणि तीन पिढ्यांनी माना डोलावल्या. त्या रविवारी बटाटेवडे खाऊन ज्यांनी शुद्धतेचा निवाडा दिला, त्यांच्या वड्यातला बटाटा आणि मिरची दोन्ही याच खंडातून समुद्र ओलांडून आपल्याकडे आले होते. मग आमच्या पोटात, गळ्यात, देवघरात सगळं जग चालतं, आणि एका बाईची गिटार चालत नाही, ती का? केळ्याचे काप आत घेताना कुणी समितीची बैठक बोलावली नव्हती. आत घ्यायचा नव्हता तो तिचा चेहरा. ‘शुद्ध’ हा शब्द आम्ही त्या चेहऱ्यापुढे पडद्यासारखा ओढला.

आणि आम्हीच घरी तक्रार करतो की ऑफिसात गोरे लोक आपलं नाव नीट उच्चारत नाहीत.

श्रीरंग ऐकून घेत होता. “यार मृणाल, कॅन्सल कर ना. शरदकाकांनी आपल्यासाठी किती केलंय. ग्रीन कार्डच्या वेळीही तेच मदत करणार आहेत. पाच मिनिटांच्या गाण्यासाठी सगळ्यांशी वाकडं घ्यायचं?”

“पाच मिनिटांचं आहे म्हणूनच,” मी म्हटलं. “एवढंसं देता येत नसेल तर मोठं काय देणार आहेत?”

सगळ्यात कठीण होतं व्हर्नाला सांगणं. मला खोटं सुचत होतं: वेळ कमी पडला, आयटम जास्त झाले. पण तिच्या गॅरेजमध्ये, त्या अर्ध्या उघड्या दाराखाली, मी तिला जे होतं ते सांगितलं, काकूंचं वाक्यही. ती गिटारच्या खुंट्या पिळत राहिली.

“माझ्या बापाला हॉटेलात बुफेच्या शेजारी उभं करायचे,” ती म्हणाली. “गरम भांड्यांच्या वाफेत. गिटारचं लाकूड फुगायचं. पाहुणे त्याच्याकडे पाठ करून वाढून घ्यायचे.” मग तार झंकारून पाहिली. “तो म्हणायचा, पाठीलाही कान असतात. तू एकटी गाणार आहेस का? तर ते आत्ता सांग.”

“नाही,” मी म्हटलं.

“मग कॅफेटेरिया कुठे आहे ते सांग.”

कार्यक्रम भाड्याने घेतलेल्या शाळेत होता. सभागृहात गणपती, अत्तर, कांजीवरम. तिथून लांबलचक मार्गिका ओलांडून कॅफेटेरिया. फिनेलचा आणि मसालेभाताचा एकत्र वास, भिंतीवर अन्नघटकांची रंगीत चित्रं, ट्यूबलाइटची गुणगुण. आम्हाला जागा मिळाली होती मठ्ठ्याच्या पिंपाशेजारी. व्हर्ना पिवळ्या रंगाचा, कडक इस्त्रीचा पोशाख घालून आली होती. तिने ड्युटी बदलून घेतली होती. एक माईक, एक स्पीकर, आणि समोर थर्माकोलच्या ताटल्या धरलेली रांग, आमच्याकडे पाठ करून.

आम्ही सुरू केलं. साखरेच्या गावी. पहिल्या ओवीला कोणी वळलं नाही. कोणीतरी कोशिंबीर संपल्याचं ओरडून सांगत होतं. दुसऱ्या ओवीला मात्र मला काहीतरी दिसलं: रांग सरकत होती ती ठेक्यावर. एक पाऊल, पोकळी, एक पाऊल. त्यांना ठाऊक नव्हतं. हातात जिलबी घेतलेल्या एका आजोबांची मान हलत होती, आखूड चरणाच्या त्या रिकाम्या जागेत नेमकी. पाठीला कान होते.

तेवढ्यात शरदकाका घाईघाईने आले. हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक काढून घेतला. “एक मिनिट हं. अनाउन्समेंट. चंदेरी रंगाची एक गाडी फायर लेनमध्ये उभी आहे, कृपया काढावी. आणि हॉलमध्ये नाट्यगीतं सुरू होत आहेत, तरी सर्वांनी जेवण लवकर आटोपून यावं.” मग त्यांनी माईकचं बटण बंद केलं, स्पीकरची वायर ओढली आणि ती कोपरापासून पंज्यापर्यंत गुंडाळायला लागले. “छान झालं गं, मृणाल. आता हे आत लागेल.”

माझा आवाज तिसऱ्या ओवीच्या मधोमध तुटला होता. रांगेतले दोघे-तिघे आता वळून पाहत होते. गाणं चालू असताना जे वळले नव्हते, ते गाणं थांबल्यावर वळले. श्रीरंग दारात उभा होता, ईराचा हात धरून. सुलभाकाकू मठ्ठा ओतताना थांबल्या होत्या. काकांची वायर गुंडाळून होत आली होती, आणि त्या सगळ्या ओल्या, वाफाळलेल्या, फिनेलच्या हवेत मला एकच आवाज ऐकू येत होता, कोरडा आणि आखूड, कारण व्हर्ना थांबलीच नव्हती. तिच्या गिटारला वायर नव्हती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोर, त्या पाठींकडे पाहत होती. चक्. पोकळी. चक्. ओवीची जागा आली आणि गेली. पुन्हा आली. मग मान न वळवता, ओठही फारसे न हलवता, ती मला म्हणाली,

“लाउडर.”